बॉस्नियात फील्ड स्टडीला जाताय? प्रश्न छोटा न्या, वेळ मोठा न्या

पीस स्टडीज, इंटरनॅशनल रिलेशन्स, सोशल वर्क असलं काही शिकणारी बरीच मुलं बॉस्निया-हर्झेगोविनाला फील्ड स्टडीसाठी जायचं ठरवतात आणि मग मला विचारतात की तिथं कुणाला भेटू, काय विचारू, फॉर्म कसा बनवू. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा ग्रुपबरोबर तीन आठवडे आणि नंतर एकटी दोन महिने, आणि या दोन खेपांमधला फरक इतका मोठा होता की तो नीट लिहून ठेवावा असं कधीपासून मनात होतं.

पहिल्या खेपेला आमचा प्रश्न होता "युद्धानंतर समाजात समेट झाला का". आता सांगा, हा प्रश्न घेऊन तुम्ही एखाद्याच्या दारात उभे राहिलात तर तो काय उत्तर देणार? हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि दोन्ही उत्तरं तुमच्या काही कामाची नाहीत, कारण तो हेच उत्तर त्याआधी आलेल्या वीस स्टुडंट्सना देऊन बसलेला असतो. दुसऱ्या खेपेला मी एवढंच विचारत होते की घर परत मिळालं तेव्हा आत काय होतं, काय नव्हतं. लोक दोन-दोन तास बोलले.

म्हणून सगळ्यात आधी प्रश्न छोटा करा. शांतता, समेट, विश्वास हे शब्द प्रश्नातून काढून टाका आणि त्या जागी बघता येईल, मोजता येईल, हात लावता येईल अशी गोष्ट ठेवा. बस कुठून सुटते, मुलं कुठल्या शाळेत जातात, दवाखाना कुठला, भाजी कुणाकडून घेता. घरांचंच बघा ना, 1992-95 चं युद्ध थांबवणाऱ्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात विस्थापितांना आपापल्या घरी परत जायचा हक्क दिलाय आणि त्यानुसार घर-मालमत्तेचे जवळपास 2 लाख दावे आले आणि त्यातले बहुतेक निकालात पण निघाले, कागदावर बघितलं तर हे मोठं यश आहे. पण तुम्ही ऑक्टोबरात त्या गावात गेलात तर नवी कोरी कौलं घातलेली घरं दिसतात आणि शटर खाली, कारण पोरं ऑस्ट्रियात, स्वीडनमध्ये, ऑगस्टमध्ये तीन आठवडे येतात आणि परत जातात, गावात म्हातारी माणसं राहतात. परत मिळालेलं घर विकून कायमचे निघून गेलेलेही पुष्कळ आहेत. हक्क मिळाला पण गाव परत आलं का? हा एका स्टुडंटला दोन महिन्यात झेपेल असा विषय आहे.

जायच्या आधी अभ्यास किती करायचा, तर भरपूर, पण सगळा इतिहास पाठ करायची गरज नाही. युद्ध 1992 ते 1995, सुमारे 1 लाख माणसं गेली, 20 लाखांच्या आसपास लोक बेघर झाले, सारायेवोला 5 एप्रिल 1992 पासून 29 फेब्रुवारी 1996 पर्यंत म्हणजे 1425 दिवस वेढा होता, एवढं तर यायलाच हवं. (आणि उच्चार सारायेवो असा करा, तिथल्या स्पेलिंगमध्ये जे असला की तो य असतो.) पण त्याहून जास्त वेळ डेटन कराराला द्या. 21 नोव्हेंबर 1995 ला अमेरिकेत ठरला, 14 डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या, आणि देशाची घटना म्हणजे या कराराचं चौथं परिशिष्ट आहे, ती लोकांनी बसून लिहिलेली नाही, लढाई थांबवायला लिहिलेल्या कागदाचा तो एक भाग आहे. देशाचे दोन मोठे भाग, फेडरेशन आणि सर्बबहुल रेपुब्लिका स्रप्स्का, शिवाय ब्रच्को जिल्हा वेगळा, फेडरेशनमध्ये परत 10 कँटन, आणि राष्ट्राध्यक्ष एक नाही तर तिघं, देशातल्या तीन मोठ्या समाजांचे, एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. मग ज्यू किंवा रोमा माणसाने काय करायचं? तो उभाच राहू शकत नाही. सेय्दिच आणि फिंत्सी नावाच्या दोघांनी यावर युरोपियन मानवी हक्क कोर्टात केस केली, 2009 मध्ये ते जिंकले, आणि घटना अजून बदललेली नाही. शांतता आणणारा कागदच पुढे अडचण कसा होतो हे समजून घ्यायचं असेल तर ही एक केस नीट वाचा, दहा थिअरी वाचल्यासारखं होईल.

आता शब्द. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतेय कारण इथं परदेशी स्टुडंट पहिल्या दिवशीच घसरतात. बॉस्नियन म्हणजे त्या देशाचा कुणीही, बॉस्नियाक म्हणजे तिथला मुस्लिम समाज, हे दोन शब्द एक नाहीत. युद्धाला काय म्हणायचं यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं, कुणी "आग्रेसिया" म्हणजे आक्रमण म्हणतो, कुणी "ग्राजान्स्की रात" म्हणजे यादवी युद्ध म्हणतो, सर्बांकडे पितृभूमीच्या बचावाचं युद्ध, क्रोएटांकडे मायभूमीचं युद्ध. मी पहिल्या खेपेला सारायेवोत एका बाईंसमोर अगदी सहज सिव्हिल वॉर म्हणाले, पुस्तकात तसंच वाचलं होतं, आणि त्या गप्प झाल्या, रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प झाल्या आणि पुढचा अर्धा तास हो-नाही एवढंच बोलल्या. तेव्हापासून मी फक्त "रात", म्हणजे युद्ध, एवढंच म्हणते आणि समोरचा जो शब्द वापरेल तो वहीत जसाच्या तसा लिहिते. भाषेचंही तेच, बॉस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशा तीन अधिकृत भाषा आहेत आणि तिघांना एकमेकांचं सगळं कळतं, तुम्ही सरळ "तुमची भाषा" म्हणा. कॉफीलासुद्धा काफा, कावा, काहवा असे तीन शब्द आहेत! यजमान जो म्हणतील तो तुम्ही म्हणा.

त्यांच्यात "ती" आणि "वी" असतं, आपलं तू आणि तुम्ही, अगदी तसंच चालतं. वडीलधाऱ्यांना वी. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, इंग्रजीत विचार करणाऱ्यांना लागतं, तर या जमेच्या गोष्टीचा उपयोग करा आणि पन्नासेक वाक्यं तरी शिकूनच विमानात बसा.

पोचल्यावर पहिला आठवडा इंटरव्ह्यू घ्यायचेच नाहीत. हे ऐकायला वेळ वाया घालवल्यासारखं वाटतं, कॉलेजातले गाइड पण ओरडतील, पण माझं ऐका. नुसतं फिरा आणि बघा. खिशातली नोट काढून बघा, 10 मार्कांची नोट दोन प्रकारची मिळते, एकीवर माक दिझ्दार, दुसरीवर आलेक्सा शांतिच, दोघं कवी, पहिली फेडरेशनची, दुसरी रेपुब्लिका स्रप्स्काची, आणि एकीवर लॅटिन लिपी आधी तर दुसरीवर सिरिलिक आधी. चालतात दोन्ही सगळीकडे, कुणी नाकारत नाही, सगळे एकाच पाकिटात घालतात. (मार्क युरोला बांधलेला आहे, 1 युरोला 1.95583 मार्क, त्यामुळे हिशोब सोपा, पण खेड्यात कार्ड चालत नाही, सुटे ठेवा.) मग बसस्टँडला जा. सारायेवोला दोन बसस्टँड आहेत, एक शहरात रेल्वे स्टेशनजवळ, दुसरा लुकावित्साला, म्हणजे पूर्व सारायेवोत, आणि तो रेपुब्लिका स्रप्स्काच्या हद्दीत येतो. बेलग्रेडकडे आणि सर्बबहुल गावांकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या दुसऱ्या स्टँडवरून सुटतात. तिथं जायला ट्रॉलीबसने दोब्रिन्यापर्यंत जायचं, ट्रॉलीबस तिथं संपते, मग बॅग ओढत थोडं चालायचं. मध्ये गेट नाही, पोलीस नाही, पाटी सिरिलिक झाली एवढंच. मी त्या रस्त्यावर तीन संध्याकाळ नुसती उभी राहिले आणि कोण चालत जातंय, कुठून कुठं, हातात काय आहे, बाजाराच्या पिशव्या की प्रवासाच्या बॅगा, ते मोजत बसले. माझ्या रिपोर्टमधला सगळ्यात चांगला भाग तोच निघाला.

ट्रान्सलेटरवर पैसे वाचवू नका. आणि ट्रान्सलेटर निवडताना हे लक्षात घ्या की तिथं नावावरून समाज कळतो, म्हणजे तुमच्या शेजारी कोण बसलंय ते बघून समोरचा माणूस काय बोलायचं ते ठरवतो. मी दोन भागांसाठी दोन जणी घेतल्या होत्या आणि एकच प्रश्न दोघींबरोबर विचारून पाहिला, उत्तरं वेगळी आली, हे लपवायचं नाही, मेथडच्या चॅप्टरमध्ये लिहायचं. अजून एक, ट्रान्सलेटर पण माणूस आहे आणि कदाचित तिनेही वेढ्यात तळघरात दिवस काढलेले असतील, तिचे वडील, मामा कुणी बेपत्ता असतील. रोज दोन इंटरव्ह्यूच्या वर नाही, आणि संध्याकाळी तिला विचारायचं की आज काही जड गेलं का. जे प्रश्न तुम्ही विचारणार आहात ते तिला आधी दाखवा, ती म्हणाली की हा प्रश्न असा विचारू नका, तर वाद घालू नका.

परमिशनबद्दल. एथिक्स कमिटीचा फॉर्म असतो, समोरच्याची सही घ्यायची असते, ते सगळं ठीक, पण युद्धाच्या काळात तिथं कित्येकांकडून घरदार सोडून देतोय अशा कागदांवर सह्या करून घेतल्या होत्या आणि मगच शहराबाहेर जाऊ दिलं होतं. त्या माणसासमोर तुम्ही परक्या भाषेतला कागद आणि पेन सरकवलंत तर त्याच्या मनात काय येईल? तर आधीच कमिटीकडून तोंडी संमती रेकॉर्ड करायची मंजुरी घेऊन ठेवा. आणि संमती एकदा घेतली की झालं असं नसतं, मध्येच एखादा थांबतो, खिडकीबाहेर बघतो, तेव्हा रेकॉर्डर बंद करून परत विचारायचं, पुढे जायचं का, की हे राहू दे. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, कशासाठी आलो, हे कुठं छापणार, तुम्हाला यातून काहीही मिळणार नाही, पैसे नाही, मदत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. लोकांना एनजीओची इतकी सवय आहे की ते धरून चालतात की मागून काहीतरी येईल.

बसायचं कसं ते सांगते, कारण हे कुठल्या मेथडॉलॉजीत नसतं. पूर्व बॉस्नियातल्या एका गावात एका आजींकडे गेले होते. त्यांनी आधी पितळी हातगिरणीत कॉफी दळली, मांडीत धरून, गप्पा मारत, दहा मिनिटं तरी. मग जेझ्वा, म्हणजे लांब दांड्याचं छोटं भांडं, ते गरम केलं, कॉफी घातली, वर उकळतं पाणी ओतलं, फेस वर आला तसं खाली घेतलं, परत ठेवलं. मग तो फेस चमच्याने काढून आधी प्रत्येक फिल्जानमध्ये थोडा थोडा घातला, आणि मग कॉफी. फिल्जान म्हणजे बिनकानाचा छोटा कप. साखरेचा खडा कॉफीत नुसता बुडवायचा, दाताखाली धरायचा आणि वरून घोट घ्यायचा. टेबलावर तीन फिल्जान होते, आम्ही दोघीच होतो, ट्रान्सलेटर बाहेर फोनवर होती म्हणून मला वाटलं तिचा असेल, पण ती आल्यावर आजींनी चौथा आणला. तिसरा तसाच राहिला, भरलेला, आणि मी विचारलं नाही. तासाभराने त्यांनी स्वतःच सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे, पण मी जर पहिल्या पाच मिनिटांत विचारलं असतं की हा कुणाचा, तर मला खात्री आहे की कुणाचा नाही असं उत्तर आलं असतं. कॉफी पिऊन होईस्तोवर रेकॉर्डर पिशवीतून काढू नका. आणि दुसरा कप नको म्हणू नका.

स्रेब्रेनित्सा. प्रत्येकाला तिथं जायचंच असतं आणि जायलाच हवं. जुलै 1995 मध्ये तिथं बॉस्नियन सर्ब फौजांकडून 8 हजारांहून जास्त बॉस्नियाक पुरुष आणि मुलं मारली गेली, तेसुद्धा यूएनने सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेल्या ठिकाणी. हा वंशसंहार होता हे हेगच्या युद्ध गुन्हे न्यायाधिकरणाने आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही म्हटलंय, तेव्हा दोन्ही बाजू समजून घ्यायच्या नावाखाली हे खरंच झालं का असा प्रश्न कुठल्याही इंटरव्ह्यूमध्ये टाकू नका, एखादा स्वतःहून नाकारत असेल तर ते ऐकून लिहून घ्या, मान हलवू नका. स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत पांढरे दगड बघताना जन्मसालं वाचा, 1978, 1979, 1980. मारणाऱ्यांनी पुरावा लपवायला मशीनने थडगी उकरून प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात, डीएनएने जुळवावी लागतात, आणि घरच्यांना ठरवावं लागतं की जेवढं मिळालंय तेवढं पुरायचं की अजून थांबायचं. दरवर्षी 11 जुलैला त्या वर्षी ओळख पटलेल्यांना तिथं पुरतात. त्या दिवशी तुम्ही गेलात तर वही, कॅमेरा, रेकॉर्डर खोलीवर ठेवून जा. नेझुकहून पोतोचारीपर्यंत सुमारे 100 किलोमीटरची शांतता यात्रा असते 8 ते 10 जुलै, ती चाला, चालताना लोक आपणहून बोलतात, पण ते बोलणं डेटा नाही, सोबत आहे.

आणि त्याच फेरीत जमलं तर क्राविट्साला जा, तिथं जानेवारी 1993 मध्ये मारल्या गेलेल्या सर्बांची आठवण ठेवली जाते, सारायेवोवरच्या काझानीला जा, जिथं वेढ्याच्या काळात बॉस्निया-हर्झेगोविनाच्या सरकारी सैन्यातल्याच एका युनिटने शहरातल्या सर्ब रहिवाशांना मारून टाकलं, आणि अहमिचीला, जिथं एप्रिल 1993 मध्ये क्रोएट फौजांनी बॉस्नियाकांना मारलं. सगळं सारखंच होतं असं म्हणायला नाही. तसं नव्हतंच, आकडे आणि कोर्टाचे निकाल समोर आहेत. पण आईला आपला मुलगा आकड्यात दिसत नाही, आणि तुम्ही एकाच बाजूच्या दफनभूमीत गेलात हे छोट्या गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

स्रेब्रेनित्सा आणि मोस्तारच्या जुन्या पुलाजवळची माणसं संशोधकांना कंटाळलीयेत, हेही खरं. कामापुरता मामा किती वेळा व्हायचं? म्हणून इंटरव्ह्यूसाठी दुसरी जागा शोधा. मोस्तारला ट्रेनने जा, दोन तास, नेरेत्वा नदीच्या काठाने, पूल बघा जरूर, 9 नोव्हेंबर 1993 ला तोफांनी पाडला, 23 जुलै 2004 ला परत उभा राहिला, पण पुलावर फोटो काढून झाले की बुलेवार नावाच्या रस्त्यावर या. युद्धात फ्रंटलाइन इथंच होती, पुलावर नव्हती. तिथं गोळ्यांनी चाळण झालेल्या इमारती आहेत आणि जवळच जुनं जिम्नेझियम, म्हणजे हायस्कूल, सुंदर इमारत. एकाच इमारतीत क्रोएट आणि बॉस्नियाक मुलं वेगवेगळ्या अभ्यासक्रमाने शिकतात, त्याच इमारतीत 2006 पासून एक आंतरराष्ट्रीय कॉलेजही आहे जिथं सगळे एकत्र शिकतात. "एका छपराखाली दोन शाळा" हा प्रकार देशात पन्नासहून जास्त शाळांत आहे. गावी परत आलेल्यांची मुलं निदान शाळेत तरी यावीत म्हणून तात्पुरती सोय केली होती, ती तशीच राहिली. मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती यायत्सेच्या मुलांमुळे, तिथं 2016 मध्ये भाषेवरून अजून एक वेगळी शाळा काढायचं ठरत होतं आणि हायस्कूलच्या मुलांनीच रस्त्यावर उतरून ते थांबवलं, 2018 मध्ये त्यांना माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. तुमच्याहून थोडीच मोठी असतील ती आता, त्यांच्याशी बोला. आणि ब्रच्कोला जा, तिथं मुलं एकाच वर्गात बसतात, मग तिथं जमलं आणि इथं का नाही, हा एक अख्खा थीसिस आहे.

सुरक्षिततेचं थोडक्यात. कवटीचं चित्र आणि "पाझी, मिने" लिहिलेली लाल पाटी दिसली की तिथून मागे फिरायचं, आणि पाटी नसली तरी पडकी घरं, पडीक शेतं, जंगलातली पायवाट इथं गावातल्या माणसाशिवाय जायचं नाही, कारण मे 2014 च्या पुरात आणि दरडींमध्ये सुरुंग जागा सोडून सरकले. लघवीला सुद्धा रस्त्याच्या कडेला आत जाऊ नका, डांबरावर राहा. कुणाच्या घरी राहणार असाल तर पोलिसात नोंदणी करून पांढरं कार्ड घ्या, हॉटेलवाले स्वतः करतात, घरमालकाला मात्र आठवण करावी लागते. रेकॉर्डिंगना नावं देऊ नका, नंबर द्या, नंबर कुणाचा ते वेगळ्या कागदावर, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको. गाव छोटं असेल तर नाव बदलूनही माणूस ओळखू येतो, "गावातली शाळेत शिकवणारी विधवा" म्हटलं की झालं, तेव्हा धंदा, वय, घराची जागा यातलं काहीतरी बदला आणि बदललंय हे लिहा.

स्वतःकडेही बघा. मला दुसऱ्या खेपेत पाचव्या आठवड्यात झोप लागेना, जन्मसालं डोळ्यासमोर यायची. गाइडशी बोलले, तीन दिवस नुसती नदीकाठी बसले. हे कमीपणाचं नाही, आणि असं होणार हे धरून शेड्यूलमध्ये रिकामे दिवस आधीच टाका, आठवड्यातून दोन तरी.

परत आल्यावर लोक रिपोर्ट सबमिट करून मोकळे होतात, तसं करू नका. दोन पानांत, साध्या भाषेत, काय समजलं ते लिहा, ट्रान्सलेटरला पैसे देऊन भाषांतर करून घ्या आणि ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला पाठवा, फेडरेशनमध्ये लॅटिन लिपीत, रेपुब्लिका स्रप्स्कात सिरिलिकमध्ये. म्हाताऱ्या माणसांना ईमेल नको, पोस्टाने, मोठ्या टायपात. फोटो काढले असतील तर त्यांच्या प्रिंट्स पण घाला. आजींना मी त्यांच्या गिरणीचा फोटो पाठवला होता, मांडीत धरलेली, फक्त हात दिसतायत. दीड महिन्यानं ट्रान्सलेटरचा मेसेज आला की तो फोटो टेबलाच्या वरच्या भिंतीवर लावलाय, आणि पुढच्या वेळी कधी येतेस म्हणून विचारतायत.